निबंध तुझ्या पत्राच्या ताज्या कलमात आहे

करवीर तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. ती कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकते, तिचे गाव पंचगंगेच्या काठावर आहे आणि घरचे गुऱ्हाळ आहे. पदवीच्या शिक्षणासाठी तिला अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील काही विद्यापीठांकडे अर्ज करायचे आहेत. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणे शक्य आहे, हेही तिने स्पष्ट लिहिले आहे. पत्राचा मुख्य भाग असा :

"आदरणीय बाई, अर्जासोबत स्वतःविषयीचा निबंध द्यायचा आहे. शाळेत निबंधाला मला नेहमी वर्गात सर्वाधिक गुण पडायचे, पण हा निबंध पाच वेळा लिहूनही जमत नाही. मी २०१९ च्या महापुरावर लिहिले आहे. मसुदा सोबत जोडला आहे. पप्पांनी ज्या सल्लागारांकडे पैसे भरले आहेत, ते म्हणतात की दुःख अजून गडद करा, घर पडले असे लिहा. आमचे घर पडले नव्हते, घरात पाणी आले होते. काका म्हणतात, एआयकडून लिहून घे, इंग्रजी तरी चांगले येईल. खरे सांगायचे तर माझ्या आयुष्यात विशेष असे काही घडलेलेच नाही. मी काय लिहू?

ता. क. उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल, कारण दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झाले की संध्याकाळची वही मला लिहावी लागते. आबांना आता नीट दिसत नाही, म्हणून चार हंगाम झाले, वही माझ्याकडेच आहे. (मी त्यात तोडणीच्या तारखेचा एक रकाना वाढवला आहे, त्यामुळे जरा जास्त वेळ लागतो.) परवा माळा आवरताना २०१९ च्या हंगामाची आबांची वही सापडली. एरवी टनाला १२० किलोच्या आसपास पडणारा गूळ त्या वर्षी पुराच्या उसाला शंभराच्या खाली गेला होता. एका शेऱ्यापुढे आबांनी लाल पेनने फुली मारली आहे, ती कशासाठी ते कळले नाही."

चि. विद्यार्थिनीस, सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा मी तीनदा वाचला. त्यात व्याकरणाची चूक जवळजवळ नाही, परिच्छेद मुद्देसूद आहेत, सुरुवात जोरकस आहे आणि शेवटी संकटावर मात करणाऱ्या जिद्दीविषयी दोन चांगली वाक्ये आहेत. तरीही मसुदा वाचून संपला तेव्हा मला तुझ्याविषयी काहीच कळलेले नव्हते. 'निसर्गाने रौद्र रूप धारण केले', 'होत्याचे नव्हते झाले', 'डोळ्यांदेखत स्वप्ने वाहून गेली' ही वाक्ये प्रयाग चिखलीच्या मुलीने लिहिली काय, आंबेवाडीच्या मुलाने लिहिली काय किंवा शिरोळ तालुक्यातील कोणी लिहिली काय, काही फरक पडत नाही. मग मी पत्राचा ताजा कलम वाचला आणि तुझा निबंध मला तिथे सापडला. ज्या ओळी तू केवळ उशीर होऊ नये म्हणून घाईत लिहिल्यास, त्यांत एक मुलगी स्पष्ट दिसते : ती रोज संध्याकाळी वही लिहिते, तिला वहीत काहीतरी कमी आहे असे वाटते आणि कोणी सांगितलेले नसताना ती त्यात एक रकाना आखते. विशेष काही घडलेले नाही असे म्हणणारी हीच मुलगी आहे, यावर माझा क्षणभर विश्वास बसला नाही.

हे तुला स्वतःला का दिसले नाही, त्याचे कारण तुझ्यात नाही, आपल्या शिकवण्यात आहे, आणि मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले असल्यामुळे ती जबाबदारी माझीही आहे. आपण पाचवी-सहावीपासून आत्मवृत्ते लिहून घेतो. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, वठलेल्या झाडाचे आत्मवृत्त, नदीचे मनोगत, शेतकऱ्याचे मनोगत, पूरग्रस्ताचे मनोगत. या सगळ्या वर्षांत तुझे स्वतःचे आत्मवृत्त तुझ्याकडे कोणी मागितलेच नाही. त्यातून भाषा तयार होते, शब्दसंपत्ती वाढते, हे खरे आहे. पण 'मी' हा शब्द लिहिताना दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून बोलण्याची सवय हाताला लागते. तुझा मसुदा म्हणजे इंग्रजीत लिहिलेले पूरग्रस्ताचे मनोगत आहे. त्यातील पूरग्रस्त कोणीही असू शकतो, आणि प्रवेश समितीला मात्र नेमकी तूच हवी आहेस.

त्यात आपल्या घरांतून 'मी मी करू नये' हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. चांगलीच शिकवण आहे ती. पण तिच्यामुळे आपण 'मी केले' असे लिहिण्याऐवजी 'आम्ही केले', 'आमच्यात केले जाते' असे लिहितो. तुझ्या मसुद्यात मी मोजले : 'आम्ही' चौदा वेळा आहे आणि 'मी' दोनदा, तोही 'मी पाहिले' इतकाच. ज्या जागी प्रत्यक्ष तुझे डोळे, तुझा हात किंवा तुझे डोके होते, तिथे 'मी' लिहिण्यात कसलाही अहंकार नाही. जिथे काम आबांचे किंवा पप्पांचे होते, तिथे त्यांचे नाव दे. हा हिशेब चोख ठेवला की नम्रता आपोआप राहते.

आता हा निबंध कशासाठी मागतात ते नीट समजून घे. अमेरिकेतील हजाराहून अधिक महाविद्यालये कॉमन ॲप नावाच्या सामाईक अर्जातून अर्ज स्वीकारतात. त्यातील मुख्य निबंधाला किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांची मर्यादा आहे. सात विषय दिलेले असतात आणि सातवा विषय म्हणजे तुमच्या आवडीचे काहीही. तेव्हा विषय आधी निवडून त्यात स्वतःला बसवण्याचा आटापिटा करू नकोस. निबंध लिहून झाला की तो कोणत्या विषयाखाली बसतो ते शेवटी ठरवता येते. निबंध वाचणाऱ्या व्यक्तीच्या समोर तुझे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि अभ्यासाबाहेर तू काय काय करतेस याची यादी आधीच असते. त्यामुळे वक्तृत्व स्पर्धेतील पारितोषिके आणि विज्ञान प्रदर्शनातील क्रमांक निबंधात पुन्हा सांगणे म्हणजे मिळालेली जागा वाया घालवणे होय. त्या कागदांमधून जे कळत नाही तेवढेच निबंधाने सांगायचे असते : ही मुलगी एखाद्या गोष्टीकडे कशी पाहते, तिला प्रश्न कुठे पडतो आणि प्रश्न पडल्यावर ती काय करते.

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका बैठकीला साठ-सत्तर निबंध वाचावे लागत. त्यांत दोन निबंधांचा पहिला परिच्छेद शब्दशः एकच निघाला. दोन्ही मुले एकाच मार्गदर्शन वर्गाची होती. दोन्ही अर्ज बाजूला पडले आणि त्यांतील एक मुलगा खरोखर पात्र होता, हे मला अजून सलते. त्याच गठ्ठ्यात फाउंड्रीत काम करणाऱ्या कामगाराच्या मुलाचा एक निबंध होता. सुट्टीत तो वडिलांबरोबर शिरोलीला जाई. साच्याची वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची आणि तो गोळा मधोमध मोडून पाहायचा. कड स्वच्छ तुटली तर ओल बरोबर आहे, भुगा झाला तर कमी आहे, हे त्याने इतके जवळून लिहिले होते की वाचताना माझी मूठ आपसूक वळली. पुढे त्याने लिहिले होते की एकदा त्याने वाळू बरोबर आहे असे सांगितले, ती नव्हती, आणि त्या पाळीतील काही जॉब, म्हणजे ओतलेले भाग, भोके पडून बाद झाले. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो वाळू दोनदा मोडून पाहू लागला. निबंधात एवढेच होते. गरिबी, जिद्द, स्वप्न हे शब्द त्यात कुठेही नव्हते, आणि त्या मुलाविषयी आमच्यापैकी कोणाला दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही.

तुझी वाळूची मूठ म्हणजे तो वाढवलेला रकाना आहे. म्हणून मी तुला सांगेन की निबंधाची सुरुवात तिथूनच कर. केवळ नमुना म्हणून लिहिते, हे उतरवून घेऊ नकोस : "आमच्या गुऱ्हाळाच्या वहीत सहा रकाने होते : तारीख, उसाचा मालक, टन, आदणे, रवे आणि शेरा. सातवा मी आखला." (इतर वाचकांसाठी : आदण म्हणजे काहिलीत, मोठ्या कढईत, एका वेळी कढवलेला रस आणि रवा म्हणजे गुळाची ढेप.) इतके वाचल्यावर वाचणाऱ्याला पुढे वाचावेसे वाटते, कारण सातवा रकाना कशाचा आणि तो का आखला, हे त्याला जाणून घ्यायचे असते. तुझ्या मसुद्यातील रौद्र निसर्ग वाचल्यावर असा कोणताही प्रश्न पडत नाही. पुढे काय येणार ते आधीच ठाऊक असते.

मग तो रकाना का आखलास ते सांग. माझा तर्क असा की काही दिवशी गूळ नरम राहतो, रवा हवा तसा बसत नाही, आणि आबा किंवा गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, कधी चुन्याला, कधी जाळाला, कधी जमिनीला दोष देतात, हे तू ऐकत होतीस. वही तुझ्या हाती असल्यामुळे तुला दिसले असेल की असा गूळ ज्या दिवशी पडला, त्या दिवशीचा ऊस तोडून दोन-तीन दिवस तसाच पडला होता. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे विघटन होऊ लागते, आणि अशा रसाचा गूळ घट्ट बसायला त्रास देतो. हे विघटन तुमच्या बारावीच्या रसायनशास्त्रातील जैवरेणूंच्या पाठात आहेच. तुला हे आधी वहीत दिसले की आधी पुस्तकात? ज्या दिवशी या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या, तो दिवस तुला आठवतो का? आठवत असेल तर निबंधाचा मध्य तोच आहे. त्याला दोनशे शब्द दे. तू कुठे बसली होतीस, चुलवाणाची धग अंगावर येत होती का, काहील उतरवून पाक वाफ्यात, म्हणजे तो निववायच्या उथळ हौदात, ओतला होता का, वहीच्या पानाला काकवीचे बोट लागले होते का, हे सांग. पण सजावट म्हणून सांगू नकोस, त्या क्षणी जे खरोखर समोर होते तेवढेच सांग.

आणि त्यानंतर काय झाले तेही सांग. तू पप्पांना वही दाखवलीस का? त्यांनी तोडणी आणि गाळप यांची सांगड बदलली का? बदलली नसेल, तोडकऱ्यांची टोळी ज्या दिवशी मिळते त्याच दिवशी ऊस तोडावा लागतो असे त्यांनी उत्तर दिले असेल, तर ते तसेच लिही. तुझा रकाना बरोबर होता आणि तरीही गुऱ्हाळाचे वेळापत्रक त्याच्याप्रमाणे हलू शकत नव्हते, ही गोष्ट सर्व काही सुधारले या गोष्टीपेक्षा मला कितीतरी अधिक मोलाची वाटते. सतरा वर्षांच्या मुलीला उत्तर सापडले आणि त्याचबरोबर उत्तर सापडणे पुरेसे नसते हेही तिने पाहिले, हे वाचणाऱ्याला दिसू दे. त्याचा अर्थ काय, ते शेवटच्या परिच्छेदात समजावून सांगू नकोस. आपल्याकडे निबंधाच्या अखेरीस सुविचार लिहिण्याची पद्धत आहे; या निबंधाला त्याची गरज नाही.

महापुराचे काय करायचे, हा तुझा खरा प्रश्न होता. महापूर निबंधातून काढून टाक असे मी म्हणणार नाही, कारण तो तुझ्या वहीतच आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि शेतातील ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, हे आपण सगळ्यांनी पाहिले. पण पाणी ओसरल्यानंतर तीन-चार महिन्यांनी तोच ऊस चरकात आला आणि टनाला १२० किलोऐवजी शंभरच्या आत गूळ देऊन गेला, हे मात्र फार थोड्यांच्या लेखणीत आले आहे. तुझ्या आबांच्या वहीत ते आहे. त्या दोन आकड्यांमध्ये तुझ्या गावाचे जे नुकसान दिसते, ते 'होत्याचे नव्हते झाले' या वाक्यात दिसत नाही. पूर एवढाच येऊ दे : दोन आकडे, एक शेरा आणि ती वही उघडणारी तू.

घर पडले असे लिहायला सांगणाऱ्या सल्लागारांविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. तसे कदापि लिहू नकोस. अर्ज पाठवताना त्यातील सर्व माहिती खरी आहे असे तू स्वतःच्या नावाने लिहून देणार आहेस, आणि पुढे केव्हाही ते खोटे ठरले तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. पण कारण तेवढेच नाही. ज्यांची घरे त्या ऑगस्टमध्ये खरोखर पडली, ती माणसे तुझ्या गावात आणि आजूबाजूला राहतात, त्यांची मुले तुझ्यासोबत एसटीने शहरात येतात. त्यांचे दुःख आपल्या अर्जात घालून पुढे जाणे तुला आयुष्यभर जड जाईल, असे तुझ्या पत्रातील 'आमचे घर पडले नव्हते' या एका वाक्यावरून मला वाटते. घरात पाणी आल्यामुळे तुमचे जे खरे नुकसान झाले, अभ्यास बुडाला, खर्च वाढला, ते सांगण्यासाठी याच अर्जात निबंधाव्यतिरिक्त एक ऐच्छिक जागा असते. तिथे ते साध्या चार ओळींत लिहावे. पप्पांनी पैसे भरले आहेत म्हणून सल्लागारांचे ऐकलेच पाहिजे असे नाही. त्यांच्याकडून तारखा, कागदपत्रे, शुल्कमाफीचे अर्ज यांची मदत जरूर घे, आणि निबंध माझा मी लिहीन असे पप्पांच्या समोर आदराने सांग. हे उत्तर पप्पांनाही वाचायला दे, असे मी म्हणेन.

काकांचा हेतू चांगला आहे, याची मला खात्री आहे. परंतु एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे हे कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडते, आणि इंग्लंडच्या यूकॅस या प्रवेश यंत्रणेनेही तसाच इशारा दिलेला आहे. नियम बाजूला ठेवला तरी आणखी एक अडचण आहे. सातवा रकाना त्या यंत्राला माहीत नाही. तू त्याला गुऱ्हाळाविषयी निबंध लिहायला सांगितलेस तर ते गोड सुवासाविषयी आणि पिढ्यान् पिढ्यांच्या वारशाविषयी लिहील, आणि तू पुन्हा पूरग्रस्ताच्या मनोगतापाशी येशील. निबंध पूर्ण झाल्यावर एखाद्या शब्दाचे स्पेलिंग पाहण्यापुरती मदत घेणे वेगळे. वाक्ये तुझीच हवीत.

इंग्रजीची जी भीती तुला वाटते, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातील मुलांचे निबंध माझ्या अनुभवात इथेच अडतात. तुझ्या मसुद्यात एका ठिकाणी 'माझ्या पायाखालची वाळू सरकली' याचे शब्दास शब्द इंग्रजी केलेले आहे. ज्याने मराठी ऐकलेली नाही तो ते वाचून खरोखरच नदीकाठच्या वाळूचा विचार करील. दुसरीकडे शब्दकोशातून शोधून काढलेले असे काही भारदस्त इंग्रजी शब्द आहेत की जे तू बोलताना कधीही वापरणार नाहीस. या दोन्ही गोष्टी एकाच भीतीतून येतात. त्यावर माझा उपाय असा की आधी मराठीत सांग, लिहू नकोस. मामेबहिणीला किंवा मैत्रिणीला सातव्या रकान्याची गोष्ट सांग आणि मोबाइलवर ती ध्वनिमुद्रित कर. घरी बोलतेस तशीच बोल. मग ते ऐकून मराठीत एक पान लिहून काढ. दोन दिवस जाऊ देत. त्यानंतर ते पान कपाटात ठेवून, त्याकडे न पाहता, तीच गोष्ट तुला येणाऱ्या इंग्रजीत नव्याने सांग. भाषांतर करायला बसलीस तर मराठी वाक्याचा साचा इंग्रजीत उतरतो आणि दोन्ही भाषा अवघडतात. गोष्ट मनात ठेवून नव्याने सांगितलीस तर वाक्ये छोटी होतील, पण सरळ होतील. साध्या, बिनचूक इंग्रजीला कोणी नावे ठेवत नाही.

गुऱ्हाळ, आदण, रवा हे शब्द काढू नकोस. ज्या शब्दाला इंग्रजीत नेमका शब्द नाही तो देवनागरीतून रोमन लिपीत आण, पहिल्यांदा येतो तिथेच अर्ध्या वाक्यात अर्थ सांग आणि पुढे निर्धास्त वापर. असे तीन शब्द पुरेत. दहा झाले तर वाचणारा दमेल.

गावाची ओळखही तशीच थोडक्यात असावी. तुझा दुसरा परिच्छेद राजर्षी शाहू महाराजांच्या करवीरनगरीपासून सुरू होतो आणि अंबाबाई, रंकाळा, कुस्ती, तांबडा-पांढरा रस्सा असा पुढे जातो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि त्याआधी १९०१ पासून बोर्डिंगे उभी केली, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत शाळेची वाट उघडली, याचा मला तुझ्याइतकाच अभिमान आहे. परंतु ६५० शब्दांपैकी दीडशे शब्द कोल्हापूरच्या परिचयात गेले तर तुझ्यासाठी काय उरले? 'पश्चिम महाराष्ट्रातील नदीकाठचे, उसाच्या शेतांनी वेढलेले गाव' एवढ्याने वाचणाऱ्याचे काम भागते. तुझ्या पणजोबांपैकी कोणी त्या बोर्डिंगमध्ये राहून शिकले असेल आणि ही वही लिहिण्याची शिस्त घरात तिथून आली असेल, तर मात्र ते एक वाक्य जरूर येऊ दे.

एका धोक्याची सूचना इथेच देते. आबांवर तुझे प्रेम आहे आणि ते प्रत्येक ओळीत उमटते. म्हणून निबंध हळूहळू आबांचा होऊन जाईल. आजीआजोबांवर लिहिलेले अतिशय सुंदर निबंध मी वाचले आहेत, आणि ते वाचून आजोबांना प्रवेश द्यावासा वाटतो. आबांना शंभर शब्दांपेक्षा जास्त जागा देऊ नकोस.

इंग्लंडच्या अर्जासाठी हाच निबंध पाठवू नकोस. तिथे आयुष्यातील प्रसंगापेक्षा विषयाची ओढ आणि तयारी पाहतात. यूकॅसमध्ये पूर्वी एकसंध निवेदन लिहावे लागे; २०२६ च्या प्रवेशांपासून त्याऐवजी तीन प्रश्न विचारले जातात : हा विषय का निवडला, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले. तिन्ही उत्तरे मिळून ४,००० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात मोकळ्या जागाही मोजतात, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे हवे. तुला रसायनशास्त्राकडे जायचे असेल तर उसातील साखरेच्या विघटनाविषयी तू पुढे काय वाचलेस, शाळेच्या प्रयोगशाळेत काही करून पाहिलेस का, हे पहिल्या दोन उत्तरांत यावे आणि वही तिसऱ्या उत्तरात दोन-तीन वाक्यांत यावी. आबा तिथे आले नाहीत तरी चालेल.

वेळेचे गणित तुला माझ्यापेक्षा चांगले जमते, तरी सांगते. अमेरिकेतील बऱ्याच महाविद्यालयांची नेहमीच्या फेरीची शेवटची तारीख १ जानेवारीच्या आसपास असते, त्याच सुमारास गुऱ्हाळ जोरात चालू असेल आणि पुढे लगेच बारावीची प्रात्यक्षिके आणि लेखी परीक्षा येतात. म्हणून पहिला मसुदा गुऱ्हाळ पेटण्यापूर्वीच व्हायला हवा. तो नऊशे-हजार शब्दांचा झाला तरी घाबरू नकोस; छाटायला ऊस आधी वाढलेला असावा लागतो. छाटताना सर्वांत आधी विशेषणे काढ, मग जी गोष्ट दोनदा सांगितली गेली आहे तिचे दुसरे सांगणे काढ, आणि नंतर पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहा. बहुतेक वेळा निबंध तिथूनच सुरू होत असतो.

झालेला निबंध दहा जणांना दाखवू नकोस. दहा जण दहा शब्द बदलतील आणि तुझा आवाज त्यात हरवेल. दोघांना दाखव. एक तुला चांगले ओळखणारी व्यक्ती, तुझी आई किंवा वर्गशिक्षिका, जिला विचारायचे की यात मीच दिसते का. दुसरी, जिने गुऱ्हाळ कधी पाहिलेले नाही अशी शहरातील मैत्रीण. तिला 'कसा झालाय' असे विचारलेस तर ती 'भारी' म्हणेल आणि त्याचा उपयोग होणार नाही. वाचून झाल्यावर कागद तिच्या हातातून घे आणि विचार, 'आता माझ्याविषयी तुला काय आठवतंय?' तिने रकाना म्हटले तर निबंध झाला. तिने पूर म्हटले तर पुन्हा लिहायला बस.

राहिली ती लाल फुली. पुराच्या उसाच्या त्या शेऱ्यापुढे आबांनी ती का मारली, हे तुला कळलेले नाही असे तू लिहितेस. तो शेतकरी ओळखीचा होता आणि त्याच्याकडून गाळपाचे पैसे घ्यायचे नाहीत अशी ती खूण होती का, तो गूळ सौद्यात पाठवला नव्हता का, की केवळ आकडा चुकला होता? मी तर्क करणार नाही आणि तूही करू नकोस. आबांना दिसत नसले तरी आठवत असेल. निबंधाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी, आजच संध्याकाळी, ती वही घेऊन त्यांच्याजवळ बस, ते पान त्यांना मोठ्याने वाचून दाखव आणि विचार.